मेंढ्यांवरचा आळ

मेंढ्यांचा कळप जिथून जातो तिथे रोग मागे ठेवून जातो, हे मत पनवेलमध्ये आणि त्याच्या भोवती वाढलेल्या वसाहतींत आता सिद्ध झालेल्या गोष्टीसारखे बोलले जाते. दिवाळीनंतर भाताची कापणी उरकली की फलटण, माण, बारामती, पारनेर अशा अवर्षणाच्या तालुक्यांतले धनगर मेंढपाळ आपापले वाडे घेऊन घाट उतरतात आणि कोकणातल्या मोकळ्या खाचरांत मेंढ्या बसवतात. वाडा म्हणजे मेंढ्या, घोडी, कुत्री आणि काही कुटुंबांचे संसार मिळून होणारा फिरता तळ. आणि मेंढ्या बसवणे म्हणजे कळपाला वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या, कुंपणात रात्रभर एका शेतात ठेवून त्या जमिनीला लेंड्यांचे आणि मुताचे खत मिळवून देणे. कित्येक पिढ्या शेतकऱ्याने या खताचा मोबदला धान्यात किंवा पैशांत दिला. ज्या भूमीवर हा व्यवहार चालत आला तिथेच आता कळपाकडे साथ पसरवणारे टोळके म्हणून पाहिले जाते.

या मताची मांडणी त्याचे समर्थक करतात तितक्याच ठामपणे करायची, तर ती अशी होते. मेंढीच्या आतड्यात साल्मोनेला नावाचा जीवाणू असू शकतो. निरोगी दिसणारी मेंढीही तो बाळगते आणि लेंड्यांतून बाहेर टाकते. असा कळप शेकडो किलोमीटर चालतो, तेव्हा तो वाटेतल्या प्रत्येक ओढ्यात, शेतात आणि वस्तीत जीवाणू पेरतच जातो. त्याच्या लेंड्या अन्न पिकवणाऱ्या मातीत मिसळतात आणि त्यातून विषमज्वरापासून हगवणीपर्यंतचे आजार माणसांपर्यंत पोहोचतात. म्हणून भटकंती बंद करून मेंढ्या बंदिस्त गोठ्यांत आणाव्यात, निदान शहराच्या हद्दीतून कळप बाहेर काढावेत, आणि जे येतीलच त्यांना सरसकट प्रतिजैविके पाजावीत. या युक्तिवादातली पहिली दोन विधाने खरी आहेत. त्यांच्या खरेपणाचा आधार घेऊनच पुढची चुकीची विधाने उभी केलेली असल्यामुळे ती एकेक करून तपासणे भाग आहे.

साल्मोनेला हे एका रोगाचे नाव नाही, इथूनच सुरुवात करावी लागते. अमेरिकी पशुवैद्यक डॅनियल साल्मन यांच्या प्रयोगशाळेत थिओबाल्ड स्मिथ यांनी १८८५ साली आजारी डुकरांपासून जो जीवाणू वेगळा केला, त्याच्या कुळात आज अडीच हजारांहून अधिक प्रकार नोंदलेले आहेत. पेशीच्या आवरणावरील शर्करासाखळ्या आणि हालचालीसाठी असलेल्या धाग्यांतील प्रथिने यांच्या भेदावरून हे प्रकार ओळखले जातात आणि त्यांना सिरोव्हार म्हणतात. प्रत्येक सिरोव्हारची राहण्याची जागा, आजार करण्याची रीत आणि यजमान प्राणी निराळे असतात. साल्मोनेला अबॉर्टस ओव्हिस हा जवळजवळ केवळ मेंढ्यांचा. तो गर्भारपणाच्या उत्तरार्धात मेंढी गाभडायला लावतो आणि माणसाला त्याचा उपद्रव सहसा होत नाही. साल्मोनेला डब्लिन मुख्यतः गाईगुरांचा, पण मेंढ्यांतही शिरणारा. साल्मोनेला टायफिम्युरियम मात्र मेंढी, गाय, कोंबडी, उंदीर, पक्षी आणि माणूस असा कुठेही वस्ती करतो आणि माणसाच्या अन्नविषबाधेत त्याचा वाटा मोठा आहे. एवढ्या भिन्न जीवाणूंना एकाच नावाखाली कोंबून ‘मेंढ्यांकडून साल्मोनेला येतो’ असे म्हणणे म्हणजे काय म्हणणे, हे म्हणणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

यातला सर्वांत घातक गोंधळ विषमज्वराचा आहे. विषमज्वर करणारा साल्मोनेला टायफी केवळ माणसाच्या शरीरात नांदतो. मेंढी त्याची वाहक नाही, गाय नाही, कोंबडीही नाही. तो माणसाच्या विष्ठेतून सांडपाण्यात, सांडपाण्यातून पिण्याच्या पाण्यात आणि तिथून दुसऱ्या माणसाच्या पोटात जातो. पनवेलला लागून असलेल्या नवी मुंबईत महापालिकेने जुलै २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी विषमज्वराच्या संयुग्म लशीची मोहीम सुरू केली आणि पहिल्या टप्प्यात लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने ही लस अशा रीतीने वापरण्याची ती जगातली पहिली मोहीम होती. त्या मोहिमेचा रोख मुलांवर होता, कारण विषमज्वराचे ओझे मुलांवर पडते, आणि तिच्या मागची चिंता दूषित पाण्याची आणि औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंची होती. तिच्या आखणीत मेंढ्यांना कुठेही स्थान नव्हते, आणि ते नसणेच शास्त्राला धरून होते. मग शेजारच्याच शहरात विषमज्वराचे नाव घेऊन मेंढपाळाकडे बोट दाखवण्याला आधार कोणता?

आता वाहकपणाचा प्रश्न, कारण या साऱ्या भीतीचे मूळ तिथे आहे. आजाराची लक्षणे न दाखवता जीवाणू बाळगणाऱ्या प्राण्याला वाहक म्हणतात, पण पशुवैद्यकात वाहकांचे तीन प्रकार मानले जातात आणि ते वेगळे ठेवल्याशिवाय एकही निष्कर्ष धड निघत नाही. सक्रिय वाहक महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, जीवाणू बाहेर टाकत राहतो. सुप्त वाहकाच्या आतड्यालगतच्या लसिकाग्रंथींत किंवा पित्ताशयात जीवाणू दडून असतो आणि शरीरावर ताण आला की तो लेंड्यांत उतरतो. तिसरा निष्क्रिय वाहक: तो दूषित चारा-पाण्यातून जीवाणू गिळतो आणि तसाच बाहेर टाकतो, त्याच्या ऊतींत जीवाणू घर करत नाही, आणि दूषित जागेपासून दूर नेले की काही दिवसांत त्याचे वाहकपण संपते. पहिल्या प्रकारात दोष प्राण्याच्या शरीरात आहे असे म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात तो प्राण्यावर आलेल्या ताणात आहे. तिसऱ्यात तर तो पूर्णपणे जागेत, म्हणजे पाण्यात आणि मातीत आहे. पनवेलच्या हद्दीत आल्यावर एखाद्या मेंढीच्या लेंड्यांत साल्मोनेला सापडला, तर तो तिने घाटावरून आणला की इथल्या नाल्याचे पाणी पिऊन उचलला, याचे उत्तर तिच्याकडे नुसते पाहून कोण देणार?

ताणाचे हे म्हणणे केवळ तर्काचे नाही. ग्राउ आणि ब्राउनली या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात गुरांच्या आणि मेंढ्यांच्या पोटात साल्मोनेलाचे काय होते याचा बारकाईने अभ्यास केला. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटातला पहिला मोठा कप्पा म्हणजे रूमेन. तिथे चारा आंबतो आणि आंबताना काही उडनशील मेदाम्ले तयार होतात. नियमित चरणाऱ्या मेंढीच्या रूमेनमध्ये ही आम्ले इतकी असतात की बाहेरून आलेला साल्मोनेला तिथे तग धरू शकत नाही. मात्र जनावर एक-दोन दिवस उपाशी राहिले की आम्लांचे प्रमाण घसरते, रूमेनमधली आम्लता कमी होते, जीवाणू टिकतो, आणि उपासानंतर पुन्हा खायला मिळाल्यावर त्याची संख्या वाढते. खाण्यात पडलेल्या खंडाने, मेंढी तीच असताना आणि पोटातला जीवाणू तोच असताना, तिच्या लेंड्यांतून बाहेर पडणाऱ्या साल्मोनेलाचे प्रमाण बदलते.

याच गोष्टीची मोठ्या प्रमाणावरची आणि अत्यंत दुःखद साक्ष ऑस्ट्रेलियातून जहाजाने पश्चिम आशियाला पाठवल्या जाणाऱ्या जिवंत मेंढ्यांनी दिली. माळावर चरून वाढलेल्या या मेंढ्या जहाजावर चढण्यापूर्वी गर्दीच्या आवारात कोंडल्या जात, त्यांच्यासमोर अनोळखी गोळीखाद्य ठेवले जाई, त्यांतल्या काही ते खातच नसत, आणि जहाजावरच्या मृत्यूंचे प्रमुख कारण उपासमार आणि साल्मोनेलाची बाधा यांची जोडगोळी असल्याचे पशुवैद्यकांना आढळले. कुरणावर असताना ज्या मेंढ्या धडधाकट होत्या, त्याच कोंडल्यावर, हलवल्यावर आणि उपाशी ठेवल्यावर मेल्या. आता हेच ज्ञान पनवेलच्या रस्त्यावर लावून पाहावे. ज्या कळपाला एका शेतातून उठवले जाते, पुढच्या गावात थांबू दिले जात नाही, रात्री पाणवठ्याकडे फिरकू दिले जात नाही आणि सकाळी वाहनांच्या रांगांतून पुढे हाकलले जाते, त्या कळपाची चराई चुकते, पाणी चुकते, गाभण मेंढ्या दमतात आणि मुक्कामाच्या तुटपुंज्या जागेत सगळ्या एकमेकींवर दाटतात. कळपाने जीवाणू पसरवू नये म्हणून त्याला हुसकावले जाते, आणि हुसकावण्यामुळेच तो जास्त जीवाणू बाहेर टाकू लागतो. रोगनियंत्रणाच्या नावाने याहून उलटा उपाय योजता आला नसता.

वाहकाला गुन्हेगार ठरवण्याची वृत्ती जुनी आहे आणि तिचे फळही इतिहासात नोंदलेले आहे. न्यू यॉर्कमध्ये १९०७ साली मेरी मॅलन या स्वयंपाकीण बाईला विषमज्वराची निरोगी वाहक म्हणून पकडून एका बेटावर ठेवले गेले. मध्ये काही वर्षे सोडल्यावर १९१५ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती पुन्हा बंदिस्त राहिली. त्याच शहरात इतर अनेक वाहक अधिकाऱ्यांना ठाऊक होते आणि त्यांना असे कोंडलेले नव्हते. अमेरिकेतल्या शहरांमधला विषमज्वर ओसरला तो मुख्यतः पाणी गाळून आणि त्यात क्लोरीन मिसळून देण्याची व्यवस्था उभी राहिल्यामुळे. एका गरीब स्थलांतरित बाईला कोंडल्यामुळे ओसरला नाही. ज्याच्याकडे बोट दाखवणे सोपे त्याला पकडायचे आणि जिथे खर्च करावा लागतो तिथे हात आखडायचा, ही त्या काळातली चूक आजही ओळखू येते.

भटका कळप धोकादायक आणि बंदिस्त कळप सुरक्षित, हे दुसरे गृहीतही टिकत नाही. न्यूझीलंडमध्ये मेंढपाळ घाट उतरून परक्या मुलखात जात नाहीत. तिथल्या मेंढ्या कुंपणाच्या कुरणांत, मालकाच्या नजरेखाली, चांगल्या पशुवैद्यकीय सोयींत वाढतात. तरीही १९९६ साली कँटरबरी भागात साल्मोनेला ब्रँडनबर्ग या सिरोव्हारने मेंढ्या गाभडू लागल्या, पुढे ती साथ ओटागो आणि साउथलंडपर्यंत पसरली, मेंढ्या दगावल्या, आणि त्यांना हाताळणारे शेतकरी व पशुवैद्यकही आजारी पडले. हिवाळ्यात थोड्या जागेत खूप मेंढ्या दाटीने ठेवून चारण्याची पद्धत आणि गाभडलेल्या कोकरांवर व वारेवर ताव मारणारे कुरव पक्षी या प्रसारात महत्त्वाचे ठरले. स्कॉटलंडमधल्या कळपांत साल्मोनेला माँटेव्हिडिओमुळे गर्भपात होऊ लागले, तेव्हा १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो जीवाणू मेंढ्यांपर्यंत पोहोचवण्याचा संशय कुरवांवरच आला. कुरव हा माणसाच्या सांडपाण्यावर आणि कचऱ्याच्या ढिगांवर पोसणारा पक्षी आहे. जीवाणूची वाट नेहमी कळपाकडून माणसाकडे जाते, हे कुणी ठरवले? माणसाच्या घाणीतून ती कळपाकडे जाते, याची उदाहरणे जगभर असताना पनवेलमध्येच ती एकेरी कशी होईल?

उलट टोकाचे उदाहरण नॉर्वे आणि स्वित्झर्लंडचे आहे. तिथल्या अनेक कळपांत मेंढीशी जुळवून घेतलेला साल्मोनेलाचा डायरीझोनी हा उपप्रकार आढळतो, बहुतेक मेंढ्यांना त्याचा काहीही त्रास होत नाही आणि माणसांच्या आजारात तो क्वचितच दिसतो. म्हणजे नुसते ‘कळपात साल्मोनेला सापडला’ हे विधान धोक्याचे माप देतच नाही. कोणता सिरोव्हार, किती मेंढ्यांत, किती काळ आणि कोणत्या परिस्थितीत, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय ते विधान निरुपयोगी आहे. आणि या प्रश्नांची उत्तरे नाक्यावर उभे राहून मिळत नाहीत. लेंड्यांचा नमुना आधी साध्या पोषक द्रवात, मग इतर जीवाणूंना दाबणाऱ्या निवडक द्रवात वाढवावा लागतो, मग खास माध्यमाच्या थाळीवर पसरावा लागतो, त्यानंतर सिरोव्हार ओळखावा लागतो. यात चार-पाच दिवस सहज जातात. वाहक मेंढी रोज जीवाणू टाकत नसल्याने एका नमुन्यात काही न सापडणे हीसुद्धा निर्दोषत्वाची खात्री नसते. ज्या निदानाला प्रयोगशाळेत इतके दिवस लागतात ते रस्त्याच्या कडेला उभे राहून क्षणात करणाऱ्या नजरेला किती किंमत द्यायची?

त्यातही मेंढ्यांची हगवण दिसली की साल्मोनेला असे समजणे म्हणजे पशुवैद्यकाची पहिली पायरीच चुकवणे आहे. आंत्रविषार, पीपीआर हा विषाणुजन्य रोग, रक्ती हगवण करणारे कॉक्सिडिया, पोटातले जंत, कोवळ्या ओल्या चाऱ्यावर अचानक झालेला बदल, यांपैकी कशानेही मेंढ्यांना ढाळ लागतात. गाभडण्यामागे ब्रुसेला किंवा क्लॅमिडिया असू शकतो, आणि त्यांतला ब्रुसेला माणसासाठीही गंभीर आहे. सगळ्याला साल्मोनेलाचे नाव देऊन मोकळे झाले की खऱ्या कारणाचा शोध थांबतो आणि नुकसान मेंढपाळाच्या व गावकऱ्यांच्या वाट्याला येते.

लेंड्यांच्या खताविषयीची भीती थोडक्यात निकाली निघते. ओलसर, सावलीत साठलेल्या शेणात साल्मोनेला महिनोन्महिने टिकू शकतो हे खरे आहे. पण भाताच्या खाचरात पातळ पसरलेल्या लेंड्या पौष-माघापासून वैशाखापर्यंतच्या उन्हात सुकतात, त्यात जीवाणूंची संख्या झपाट्याने घटते, त्यानंतर पावसाळ्यात लावणी होते, आणि महिन्यांनी हाती येणारा तांदूळ शिजवूनच खाल्ला जातो. धोका आहे तो कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांच्या मळ्यात ताजे शेणखत किंवा कोंबडीखत टाकण्यात, आणि तिथे मेंढ्या बसवू नयेत हे मेंढपाळाला सांगणे रास्त आहे. कापणीनंतर खाचरातल्या ओलीवर वाल पेरलेला असेल तर त्यात कळप शिरू नये, हीही शेतकऱ्याची न्याय्य तक्रार आहे. पण ती पीकनुकसानीची तक्रार आहे. तिला रोगाचा मुलामा देऊन तिचे वजन वाढवण्याची गरज नाही.

प्रतिजैविकांच्या आग्रहाला मात्र थोडक्यात सोडता येत नाही, कारण तो प्रत्यक्ष हानी करतो. रक्तात जीवाणू शिरलेल्या कोकराला योग्य औषध वेळेत मिळाले तर ते वाचते, आणि ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यायलाच हवे. परंतु लक्षणे नसलेल्या कळपाला सरसकट औषध पाजल्याने वाहकपण संपत नाही. लसिकाग्रंथींत दडलेल्या जीवाणूपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही, आतड्यातले उपयुक्त जीवाणू मात्र मरतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत साल्मोनेलाला मोकळे रान मिळते. माणसांतही साध्या साल्मोनेला हगवणीत प्रतिजैविके दिल्यास जीवाणू बाहेर पडण्याचा काळ लांबू शकतो, असे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या निरीक्षणांतून पुढे आले आहे. अर्धवट मात्रेत, चुकीच्या दिवसांसाठी, दुकानातून आणलेले औषध देत राहिले की त्याला दाद न देणारे जीवाणू निवडले जातात. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात पाच प्रकारच्या औषधांना न जुमानणारा साल्मोनेला टायफिम्युरियमचा डीटी १०४ हा वाण गुरांत आणि माणसांत पसरला. भारत सरकारने २०१९ साली खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली ती याच भीतीपोटी, कारण माणसाच्या उपचारातला तो शेवटच्या आधारांपैकी एक आहे. अशा वेळी रस्त्यावरच्या प्रत्येक कळपाला औषध पाजा असे सुचवणारा माणूस आरोग्याची बाजू घेत नसतो.

या सगळ्याचा अर्थ मेंढ्यांच्या कळपातला साल्मोनेला क्षुल्लक आहे असा नाही. गाभडणारी मेंढी आणि अठ्ठेचाळीस तासांत ढाळांनी खलास होणारे कोकरू हे मेंढपाळासाठी वर्षाच्या कमाईचे नुकसान असते, आणि ते सोसणारा पहिला माणूस तोच असतो. उघड्या हातांनी मेंढीला व्यायला मदत करणारी बाई, पालात कोकराला कुशीत घेऊन झोपणारे मूल आणि कच्चे दूध पिणारा म्हातारा यांना या जीवाणूचा धोका शहरातल्या कुठल्याही रहिवाशापेक्षा अधिक आहे. म्हणून गाभडलेले कोकरू आणि वार कुत्र्यांना न टाकता खोल पुरणे, गाभडलेली मेंढी काही आठवडे वेगळी ठेवणे, नवी विकत घेतलेली मेंढी लगेच कळपात न मिसळणे, मेंढीला व्यायला मदत केल्यावर साबणाने हात धुणे आणि दूध उकळून पिणे या गोष्टी प्रत्येक वाड्यात पोहोचल्या पाहिजेत. पण त्या पोहोचवायच्या तर वाड्याला थांबायला जागा हवी आणि त्याच्यापर्यंत जाणारा माणूस हवा. हाकललेल्या कळपाला कोण आणि कुठे शिकवणार?

पनवेलची परिस्थिती इथे निर्णायक ठरते. ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली ती पहिली; नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात गावेच्या गावे नियोजनाच्या नकाशावर आली, खाचरांचे भूखंड झाले, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जनावरांना मज्जाव असल्याने कळपांना जुन्या महामार्गाच्या आणि आतल्या रस्त्यांच्या कडेनेच जावे लागते. मेंढ्या बसवायला जागा उरली ती तुकड्यातुकड्यांनी, आणि पाणी उरले ते वस्त्यांच्या आणि कारखान्यांच्या खालच्या अंगाला. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक क्षेत्रातली भटकी कुत्री रंगद्रव्याच्या सांडपाण्यामुळे निळी झाली आणि त्यांची छायाचित्रे देशभर छापली गेली. तिथूनच वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. तो रसायनांचा प्रश्न होता, जीवाणूंचा नव्हता, हे मान्य. पण ज्या परिसरातल्या ओढ्यानाल्यांची ही अवस्था होऊ शकते, त्याच परिसरात ते पाणी पिणाऱ्या मेंढीला पाणी दूषित करणारी ठरवण्याआधी त्या पाण्यात वरून काय येते याची चौकशी व्हायला नको काय?

कळपाची वाट जिथे संपते तिथेही कुणी पाहत नाही. मटण खाणाऱ्या शहराशी मेंढीचा खरा संबंध शेतात येत नाही, तो बाजारात, ट्रकमध्ये आणि कत्तलखान्यात येतो. सहा तासांहून अधिक प्रवासासाठी मेंढ्या-शेळ्यांना चारापाणी, पुरेशी जागा आणि पशुवैद्यकाचा दाखला हवा, हे १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत लिहिलेले आहे. उपाशी, तहानलेल्या, ट्रकमध्ये दाटीने उभ्या केलेल्या मेंढीच्या लेंड्यांत साल्मोनेला कसा वाढतो हे वर सांगितलेच आहे. तिच्या आतड्याला कापताना भोक पडले, एकाच सुऱ्याने आणि एकाच ओंडक्यावर कातडे, आतडी आणि मांस हाताळले, उघड्यावर टांगलेल्या मटणावर माश्या बसल्या, की जीवाणू ग्राहकाच्या पिशवीत जातो. घरात पूर्ण शिजलेल्या मटणात तो उरत नाही. पण तीच सुरी कांदा-कोथिंबिरीला लावली तर उरतो. शहराला साल्मोनेलापासून वाचवायचे असेल तर हा साखळीतला शेवटचा टप्पा आधी सुधारावा लागेल, आणि तो मेंढपाळाच्या हातात नाही.

कायदाही हाकलण्याच्या बाजूने नाही. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांसाठीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार जनावरांची हालचाल रोखायची तर राज्य शासनाने त्या विशिष्ट रोगासाठी अधिसूचना काढून नियंत्रित क्षेत्र जाहीर करावे लागते; एखाद्या वसाहतीला किंवा गावाला फलक लावून तो अधिकार आपल्याकडे घेता येत नाही. शास्त्रीय यंत्रणेचीही वानवा नाही. १८८६ सालापासून चालत आलेले परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय पनवेलपासून दूर नाही. घाटावर शिरवळचे महाविद्यालय नेमके मेंढपाळांच्या मुलखात आहे. पुण्यात औंधला रोगनिदान प्रयोगशाळा आणि लसनिर्मिती संस्था आहेत. बरेलीजवळच्या इज्जतनगरला प्राण्यांतील साल्मोनेलाचे राष्ट्रीय केंद्र आहे. १९६२ या क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावता येते. उणीव आहे ती या यंत्रणेने फिरत्या कळपाला आपला मानण्याची. मेंढपाळ ज्या तालुक्यात नोंदलेला असतो तिथे तो वर्षातले कित्येक महिने नसतो, आणि ज्या तालुक्यात असतो तिथे तो परका असतो. भटक्या पशुपालकांची वेगळी मोजणी देशाच्या पशुगणनेत पहिल्यांदा झाली ती २०२४ साली सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेत. ज्यांना तोवर वेगळे मोजलेही नव्हते, त्यांच्या कळपात किती रोग आहे याची खात्री पनवेलमधल्या लोकमताला कुठून मिळाली?

घाट उतरणाऱ्या वाटांवर ठरलेले पाणवठे आणि दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाच्या जागा राखून ठेवाव्यात, उतरण्याआधी आंत्रविषार आणि पीपीआरच्या लशी पूर्ण व्हाव्यात, गाभडणाऱ्या कळपाचे नमुने कोकणातच घेतले जावेत आणि कत्तलखान्यात आलेल्या मेंढ्यांच्या लसिकाग्रंथी ठरावीक काळाने तपासल्या जाव्यात, ही मागणी कुणाला मेंढपाळाची तरफदारी वाटली तरी ती पनवेलकराच्या आरोग्याचीच मागणी आहे. चरून पोट भरलेला, स्वच्छ पाणी प्यालेला आणि रात्रभर विसावलेला कळप कमी जीवाणू बाहेर टाकतो; भेदरलेला आणि उपाशी कळप जास्त टाकतो.

यावरही ज्यांना कळप हद्दीबाहेर काढायचे असतील त्यांनी आधी पुरावा ठेवावा. कळपाच्या लेंड्यांतला सिरोव्हार, तळाच्या वरच्या अंगाला असलेल्या नाल्यातल्या पाण्यातला सिरोव्हार, मटणाच्या दुकानातल्या ओंडक्यावरचा सिरोव्हार आणि आजारी पडलेल्या माणसाच्या विष्ठेतला सिरोव्हार, हे चारही प्रयोगशाळेतून तपासून एकमेकांशेजारी मांडावेत, आणि कळपातला व माणसातला जीवाणू एकच असून तो नाल्यातून किंवा दुकानातून आलेला नाही, हे दाखवून द्यावे. एवढे हाती येईपर्यंत मेंढ्यांना हुसकावण्याच्या मागणीला आरोग्याची मागणी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.